बर्फ राखाडी येत होता, तो पांढरा कसा झाला: माझा अनुभव

उत्तराखंडातल्या औलीच्या स्की उतारावरून नंदादेवी (७,८१६ मीटर) दिसत होती, ऊन स्वच्छ होतं, पण फोटोत बर्फ मळकट राखाडी यायचा. कारण असं, की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं धरून चालतो. फ्रेमभर पांढरा रंग आला, की तो उजेड कमी करतो.

उपाय सोपा आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करायची सोय) +१ ते +१.७ ठेवायचं आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद ते उजळ छटांचा आलेख, बघायचा. आलेख उजवीकडे सरकावा, पण कडेला आपटू नये. बर्फाचे कण एकदा जळाले, म्हणजे नुसते कोरे पांढरे झाले, की परत येत नाहीत. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढलेले बरे. सावलीतला बर्फ निळा येतो, कारण तिथे आकाशाचाच उजेड पडतो. तो निळेपणा मी पूर्ण काढत नाही, खरा असतो तो.

सोलापूरकरांना याचा सराव घरीच करता येईल. गच्चीवर पांढरे टेरी टॉवेल वाळत घालतो ना, भर उन्हात त्यांनी फ्रेम भरा. ऑटोवर तेही राखाडीच येतात! धाग्यांचे वेढे आणि पांढरेपणा दोन्ही दिसेपर्यंत कॉम्पेन्सेशनचा आकडा बदलत राहा. हात बसतो.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादाची आतल्या खिशात ठेवा. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा, म्हणजे दव पिशवीवर धरतं, लेन्सवर नाही.