मोटार काहून जळाली, ते आधी सांग

आयटीआयचा २ वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड करून मोटार रिवायंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देणाऱ्या दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. सांगायचं आहे ते मात्र सगळं माझ्या उस्तादांचं, नानांचं आहे. नाना पौषात गेले. जळगाव जिल्ह्यातल्या यावल-फैजपूरच्या केळी पट्ट्यात ज्याच्या मळ्यात बोअर आहे, त्यानं कधी ना कधी आमच्या दुकानाची पायरी चढलेलीच असते. मी नानांच्या हाताखाली ११ वर्षं होतो. नात्यातला नव्हतो, पण नानांच्या घरी माईंच्या हातची कळण्याची भाकरी मी माझ्या घरापेक्षा तिथेच जास्त खाल्ली.

पहिला महिनाभर नानांनी मला तारेला हात लावू दिला नाही. जळालेली मोटार आली की उघडायची आणि मांडी घालून तिच्यासमोर बसायचं.

"काय दिसते तुले?"

"जळाली, नाना."

"जळाली ते शेतकऱ्यालेबी दिसलं. काहून जळाली ते सांग."

कामाची खरी शिकवणी तीच होती. स्टार कनेक्शनच्या, म्हणजे तिन्ही फेजच्या कॉइलची एकेक टोकं एकत्र जोडलेल्या मोटारीत तीनपैकी दोन फेजच्या कॉइल काळ्या पडल्या आणि तिसरी कोरी राहिली, तर विजेच्या तीन फेजपैकी एक गेलेला असताना मोटार चालत राहिली असं समजा. डेल्टा, म्हणजे कॉइल त्रिकोणात जोडलेल्या असतील तर उलट दिसतं: एकच फेज जळतो, दोन शाबूत राहतात. तिन्ही फेज सारखेच करपले असतील तर लोड जास्त झाला, व्होल्टेज कमी पडलं किंवा पंप गाळानं जाम झाला. एकाच ठिकाणी ठिपक्याएवढं जळलं असेल तर तिथे वेढे आपसात चिकटले किंवा भरताना तार खरचटली. खरचटली असेल तर चूक आपली, आणि ती शेतकऱ्याला तोंडावर सांगायची. नाना सांगायचे, आणि त्या कामाची मजुरी घ्यायचे नाहीत.

कारण न शोधता मोटार भरून दिली तर ती पंधरा दिवसांत परत येते. तोवर केळीचा बाग पाण्यावाचून उभा असतो. मे महिन्यात इथे पारा ४५च्या वर जातो, तेव्हा पाण्याचा चार-पाच दिवसांचा खंडही केळीच्या घडाला जाणवतो. समोरच्याचं किती नुकसान होतंय हे डोळ्यांपुढे असलं की हात आपोआप नीट चालतो.

बघण्याची ही सवय नानांना सातपुड्यानं लावली होती. महिन्यातले दोन रविवार ते पालच्या बाजूला जायचे. आधी सायकलवर, नंतर लुनावर, शेवटी माझ्या गाडीवर मागे बसून. यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं तेव्हा ते शाळकरी पोर होते. अंजन आणि सालईच्या त्या रानात ते मला पुढे चालायला लावायचे. वारूळ उकरलेलं दिसलं की थांबायचे. "अस्वल. आता माती चिमटीत धर, ओली हाय का वाळली?" मातीवरून ते काल रात्रीचं की त्याआधीचं, ते माझ्याकडून काढून घ्यायचे. हिवाळ्यात पहाटे हतनूर धरणाच्या बॅकवॉटरवर न्यायचे. चक्रवाकांची जोडी दिसली की दुर्बीण माझ्या हातात द्यायचे आणि स्वतः नुसत्या डोळ्यांनी बघत राहायचे. तापीच्या काठावर गळ टाकून तासन्‌तास बसायची त्यांची तयारी असायची. पाड्यावरच्या एका पावरा मित्राची मोटार ते फुकट भरून द्यायचे. परत येताना पिशवीत चारोळी असायची.

आता कामाचं थोडं सविस्तर. जुनी वायंडिंग काढण्याआधी वही उघडा. स्लॉट (तार बसायच्या खाचा) किती, पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर) किती, कनेक्शन कोणतं, तारेचा गेज (जाडी) काय, ते सगळं उतरवून घ्या. वेढे मोजताना एका कॉइलवर विसंबू नका, तीन वेगवेगळ्या कॉइल मोजा. आधीच्या कारागिरानं एका कॉइलमध्ये चूक केली असेल तर ती तुम्ही बाकीच्यांत पसरवाल. जमिनीवरच्या साध्या मोनोब्लॉक पंपाची वायंडिंग सुटत नाही म्हणून काही जण स्टेटर (मोटारीचा न फिरणारा, तार भरलेला भाग) सरळ जाळात टाकतात. नानांनी हे कधी केलं नाही. स्टेटरच्या लोखंडी पत्र्यांमध्ये (स्टॅम्पिंग) जो पातळ थर असतो तो जाळात जातो. मग नवी तार कितीही चांगली भरा, लोखंडच तापतं आणि मोटार रिकामी फिरतानाही जास्त करंट ओढते.

सबमर्सिबलची (बोअरच्या पाण्यात बुडून चालणाऱ्या मोटारीची) तार प्लास्टिकचं कोटिंग असलेली, ती पाण्यातच राहते. तिथे सगळा जीव जॉइंटमध्ये असतो. भरून झालेला स्टेटर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा, आणि काटा समाधान देत नसेल तर जॉइंट पुन्हा उघडा. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी उघडा. बोअरमध्ये सोडण्याआधी मोटारीत स्वच्छ पाणी भरा, हळूहळू हलवून हवेचे बुडबुडे निघू द्या. आतल्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं, म्हणून पंप कोरडा फिरवून बघायचा मोह टाळा. सोडल्यावर पाणी कमी आलं तर आधी मोटार उलटी फिरतेय का ते तपासा, दोन फेज बदलून बघा.

जिवाची गोष्ट आता. आमच्याकडे शेतीला कधी दिवसा, कधी रात्री वीज येते. रात्री उठायला नको म्हणून स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो, वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. तुम्ही पेटीत हात घातलेला असतो आणि नेमकी तेव्हा वीज येते. म्हणून मेन पाडायचा, किटकॅट (फ्यूज) काढायचे आणि खिशात ठेवायचे. पेटीवर नाही, शेतकऱ्याच्या हातात नाही, आपल्या खिशात. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर तर चढायचंच नाही, ते लाइनमनचं काम. आणि आता सौर पंप वाढलेत, तिथे मेन पाडला तरी ऊन आहे तोवर पॅनलपासून स्विचपर्यंतच्या तारेत वीज असते, हे नव्यानं लक्षात ठेवायला लागतं. नाना साठीनंतर सौर पंपाच्या कंट्रोलरची माहिती घ्यायला तरुण पोरांच्या शेजारी जाऊन बसले होते. आयटीआय झालं असेल तर तारतंत्री (वायरमन) परवान्याचंही लगेच बघा, पुढे स्वतःची कामं घेताना तो मागितला जातो.

घराबद्दल लिहिलं नाही तर नाना अर्धेच राहतील. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, येते ऐन मोटारी जळण्याच्या दिवसांत. दुकानासमोर ट्रॅक्टर उभे असायचे, आणि नाना दोन दिवस शटर पाडायचे. तिन्ही लेकी माहेरी आलेल्या असायच्या. दारातल्या निंबाला ते स्वतः झोका बांधायचे, दोर ओढून बघायचे, आधी आपण बसून बघायचे, मग लेकींना बसवायचे. एका वर्षी मी म्हणालो, नाना, केवढं काम हातचं जातंय. ते एवढंच म्हणाले, "दोन दिवस आधी रात्रपाळी करू ना भो." आणि केली, पासष्टाव्या वर्षी. कॉइल बांधायला थोरली लेक सासरहून दोन दिवस आधी आली होती. तिचा हात आजही माझ्यापेक्षा साफ आहे.

नानांच्या वह्या माईंनी माझ्याकडे दिल्यात. डाव्या पानावर मोटारीची मापं, उजव्या पानावर जळण्याचं कारण. तुम्हीही अशीच ठेवा. उजव्या पानांवर मधेच पक्ष्यांची नावं आहेत, नातवाची उंची आहे. काही ठिकाणी स्पष्ट लिहिलंय: कारण सापडलं नाही. शेवटची नोंद साडेसात एचपीची आहे. अक्षर थरथरतं. "दोन फेज गेले, एक चांगला. फेज कुठे जातो? प्रिव्हेंटर बायपास केलेला. सापडलं नाही, परत जाणे."

प्रिव्हेंटर म्हणजे फेज गेला की मोटार बंद पाडणारं यंत्र. नाना परत जाऊ शकले नाहीत. त्या मळ्यात मी तीनदा गेलो. पहिल्या दोन खेपांना तिन्ही फेज ठीक होते. तिसऱ्यांदा दुपारी गेलो, वारा सुटला होता. व्होल्टमीटर लावून बांधावर बसून राहिलो. झुळूक आली की एक फेज पडायचा, वारा थांबला की परत यायचा. डीपीवरचा एक जंपर (तारा जोडणारा तुकडा) सैल होता. लाइनमनला बोलावून तो आवळून घेतला, प्रिव्हेंटर पुन्हा जोडला, आणि घरी येऊन नानांच्या ओळीखाली कारण लिहिलं.