ज्यू धर्माचे प्राथमिक वाचन : नाशिककरांसाठी

सार्वजनिक वाचनालयात किंवा घरी मराठी बायबल मिळाल्यास जुन्या करारातील उत्पत्ती व निर्गम ही पुस्तके आधी वाचावीत. मात्र ज्यूंच्या तनाखमध्ये, म्हणजे त्यांच्या हिब्रू धर्मग्रंथात, पुस्तकांचा क्रम निराळा असून शेवट इतिहासाच्या ग्रंथांनी होतो, हे ध्यानात ठेवावे. पंथभेद त्यानंतर पाहावेत. ऑर्थोडॉक्स पंथ धर्मनियम ईश्वरदत्त व बंधनकारक मानतो, रिफॉर्म पंथ व्यक्तीच्या विवेकाला वाव देतो, तर कॉन्झर्व्हेटिव्ह पंथ या दोहोंच्या मधला आहे.

पुढचा टप्पा बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचा. शनिवारी, म्हणजे शब्बाथ या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’ मराठीच बोलत, त्यामुळे आपल्याला ते परके वाटू नयेत. पोहे, नारळ व फळे मांडून एलियाहू संदेष्ट्याचे स्मरण करणारा त्यांचा मलिदा विधी तर अवश्य अभ्यासावा.

सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, पाहायचे असल्यास मुंबईत मशीद बंदरजवळचे, १७९६ मध्ये स्थापन झालेले शआर हारहमीम निवडावे. आधी परवानगी घ्यावी, ओळखपत्र न्यावे, पुरुषांनी डोके झाकावे आणि शब्बाथला छायाचित्रे काढू नयेत. तोराहच्या, म्हणजे तनाखमधील पहिल्या पाच पुस्तकांच्या, गुंडाळ्या ठेवलेले कपाट व वाचनाचा चौथरा नीट न्याहाळावा. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढांचा गट, म्हणजे मिन्यान, लागतो आणि ऑर्थोडॉक्स प्रथेत त्यात केवळ पुरुषच मोजतात.