पिंपवाल्याच्या आडनावाचा माग : जर्मन व्यावसायिक आडनावाचे मूळ आणि प्रवास कसा शोधावा

म्युनिकला गेलेला मराठी पर्यटक मारिएनप्लाट्झ चौकात एकदा तरी मान वर करून उभा राहतोच. सकाळी ११ वाजता नव्या टाउन हॉलच्या मनोऱ्यातल्या ४३ घंटा वाजू लागतात आणि बाहुल्या फिरायला लागतात. वरच्या मजल्यावर १५६८ सालचे राजघराण्यातले लग्न, खालच्या मजल्यावर लाल अंगरख्यातली नाचणारी मंडळी. गाइड म्हणतो, ‘हे शेफलर’, आणि सगळे जेवायला निघतात.

शेफलर म्हणजे लाकडी पिंपे बांधणारे कारागीर. त्यांचा खराखुरा नाच म्युनिकच्या रस्त्यांवर दर सात वर्षांनी होतो. २०१९ नंतरची पाळी २०२६ ची. पण शेफलर हा शब्द खास बव्हेरियाकडचा. हाच धंदा करणाऱ्याला कोलोनच्या बाजूला फासबेंडर म्हणत, फ्रँकोनियात ब्युटनर, नैर्ऋत्येच्या द्राक्षमळ्यांत क्यूफर, ऑस्ट्रियात बिंडर, पूर्वेकडे सॅक्सनीत ब्योट्शर आणि उत्तरेच्या सखल मुलखात ब्योडेकर. (हे शेवटचे नाव वाचून वेंगुर्ल्याच्या पलीकडे ब्योडे नावाचे गाव असेल असे वाटते. तसे काही नाही. तिथला ‘कर’ आपला नव्हे.) धंदा एक, आणि आडनावे सात.

सून जर्मन असेल, ऑफिसातला सहकारी जर्मन असेल किंवा नुसतेच कुतूहल असेल, जर्मन आडनावाचा अर्थ शोधायला दहा मिनिटे पुरतात. लोक तिथेच थांबतात, आणि तिथेच चुकतात. व्यावसायिक आडनाव पूर्वज काय करत होता हे जेवढे सांगते, त्यापेक्षा तो कुठला होता हे जास्त सांगते. म्हणून खालच्या पायऱ्यांत मी अर्थापेक्षा ठिकाणाच्या मागे लागायला सांगणार आहे.

१. आधी स्पेलिंगांची यादी करा

जर्मनीत आडनावाचे स्पेलिंग सरकारी कागदावर पक्के झाले ते १९व्या शतकात. त्याआधी पाद्री कानाला जसे ऐकू येईल तसे लिहायचा. एकाच बापाच्या तीन मुलांची नावे तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडली तर दचकू नका.

ब्योट्शर घ्या. रोमन लिपीत बी, दोन टिंबांचा ओ, दोन टी, मग सी, एच, ई, आर. टिंबे छापता आली नाहीत की ओ-पुढे ई येतो. अमेरिकेत गेल्यावर तो ई गळतो किंवा उलट ओ-च गळतो, आणि बॉचर, बेचर, बेटकर अशी मंडळी तयार होतात. ब्योट्टिशर आणि ब्योट्गर ही घरचीच भावंडे. माइसेनच्या चिनीमातीच्या भांड्यांशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो योहान फ्रीडरिश ब्योट्गर (१६८२–१७१९) याच कुळीतल्या आडनावाचा. प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांमुळे ओळखीचे झालेले बेडेकर हे नावही मुळात ब्योडेकरच. एसेनला जन्मलेल्या कार्ल बेडेकरच्या प्रकाशन संस्थेने १९१४ साली हिंदुस्थानचेही मार्गदर्शक पुस्तक काढले होते.

लॅटिन रूपे विसरू नका. सोळाव्या-सतराव्या शतकात शिकलेल्या माणसांना आपले गावठी आडनाव लॅटिनमध्ये घालायची हौस होती. म्युलरचा (गिरणीवाला) मोलिटोर झाला, श्नायडरचा (शिंपी) सार्टोरियस, वेबरचा (विणकर) टेक्स्टोर. पिंपवाल्याचा झाला व्हिएटोर. आणि स्त्रियांच्या आडनावाला जुन्या नोंदींत शेवटी ‘इन’ लागतो: ब्युटनरिन ही ब्युटनरचीच बायको किंवा लेक, वेगळे घराणे नव्हे.

२. भांडे ओळखा

ही माझी आवडती पायरी. यातल्या बहुतेक नावांच्या पोटात एकेक भांडे आहे. ‘शाफ’ म्हणजे उघड्या तोंडाचे लाकडी घंगाळ, त्यावरून शेफलर. ‘ब्युटे’ म्हणजे टोपासारखे मोठे लाकडी भांडे, त्यावरून ब्युटनर. ‘बोटिश’ म्हणजे हौदासारखे पिंप, त्यावरून ब्योट्शर. ‘कूफे’वरून क्यूफर, हा शब्द लॅटिन ‘कूपा’तून आला, आणि इंग्रजीतला कूपर त्याच मुळाचा. फासबेंडरमध्ये ‘फास’ म्हणजे पिंप आणि त्यापुढे बांधणारा. बिंडरमध्ये भांडे गळून नुसता बांधणारा उरला. फळ्या वाकवून त्यांना कडी घट्ट बसवणे हेच तर त्या कामातले कसब. आपला ‘पिंप’ हा शब्दही परका, पोर्तुगीज ‘पिपा’वरून आलेला, हे जाता जाता.

एवढी नावे का? मध्ययुगीन शहरातला कारागीर आपल्या बाजारपेठेच्या बोलीत ओळखला जाई. संपूर्ण जर्मन मुलखाला एक प्रमाणभाषा तेव्हा नव्हती. आडनावे बनू लागली साधारण १२व्या शतकापासून, आधी दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत, आणि उत्तरेकडे व खेड्यांत ते लोण सावकाश पोचले. उत्तर समुद्राकाठच्या फ्रिसलंडमध्ये तर बापाचे नाव लावायची रीत चालू होती; नेपोलियनच्या अमलात १८११ साली हुकूम निघाला तेव्हा लोकांनी कायमची आडनावे घेतली. बोलीतला शब्द आडनावात गोठला तो असा. त्या प्रदेशातले लोक आज धंद्यासाठी दुसरा शब्द वापरत असले तरी आडनाव जुनाच उच्चार धरून बसते.

इथे फसायची एक जागा आहे. कीफर या शब्दाचा आजच्या जर्मनमध्ये अर्थ जबडा किंवा पाइनचे झाड. म्हणून शब्दकोश उघडून ‘पाइनच्या रानात राहणारे’ असे कोणी सांगेल. नैर्ऋत्य जर्मनीत मात्र कीफर हा बहुधा क्यूफरचाच बोलीतला उच्चार. साध्या शब्दकोशाऐवजी आडनावांचा कोश पाहावा तो यासाठी. माइन्झच्या अकादमीचा जर्मन आडनावांचा डिजिटल कोश इंटरनेटवर फुकट आहे, आणि त्यात अर्थाबरोबर प्रसाराचा नकाशाही मिळतो.

३. दोन नकाशे समोरासमोर ठेवा

टेलिफोनच्या याद्यांवरून काढलेले आडनावांचे नकाशे सहज मिळतात. त्यावर म्युलर टाकून बघाल तर सगळा देश रंगतो. म्युलर, श्मिड्ट, श्नायडर आणि फिशर ही जर्मनीतली सर्वांत जास्त आढळणारी आडनावे, आणि चारही धंद्यांचीच. फासबेंडर टाका, ऱ्हाइनकाठ उजळतो.

पण आजच्या नकाशावर आंधळा विश्वास ठेवू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व प्रशिया, सायलेशिया, पोमेरानिया आणि सुडेटेनलंड इथून सुमारे सव्वा कोटी जर्मनांना पळावे लागले किंवा हाकलले गेले. ते जिथे वसले तिथे त्यांची आडनावेही वसली. म्हणून पूर्वेचे एखादे नाव आज उत्तरेच्या श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये दाट दिसते.

उपाय: त्याआधीचा नकाशा. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन जखमी, मृत आणि बेपत्ता सैनिकांच्या छापील याद्या तिथल्या हौशी वंशशोधकांच्या संघटनेने, ‘कॉम्पगेन’ने, नोंद-नोंद करून संगणकावर चढवल्या आहेत. लाखो नावे, आणि कित्येकांपुढे जन्मगाव. तुमचे आडनाव तिथे टाका, गावे नकाशावर मांडा आणि आजच्या नकाशाशी ताडून बघा. दोन्हींत एकच डाग असेल तर घराणे फारसे हलले नाही. जुना डाग पूर्वेला आणि नवा पश्चिमेला असेल तर मधली गोष्ट कुठे शोधायची ते कळलेच.

४. गाव मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका

नकाशा प्रदेश दाखवतो, गाव नाही. आणि एकच आडनाव असलेली माणसे एका रक्ताची असतीलच असे नाही: प्रत्येक बाजारगावात पिंपवाला होता, आणि प्रत्येकाच्या मुलाबाळांना तेच नाव चिकटले. आपल्याकडचे सगळे सुतार एका आजोबाचे नसतात, तसेच. तेव्हा आडनावाचा इतिहास म्हणजे शेवटी एका घराचा इतिहास, आणि तो आजच्या माणसाकडून मागे मागे जात काढायचा.

नागरी नोंदणी प्रशियात ऑक्टोबर १८७४ पासून आणि सगळ्या जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून आहे. ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर फ्रेंच अंमल होता, तिथे ती १७९८ पासूनच. जन्माची नोंद ११० वर्षे, लग्नाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षे नोंदणी कचेरीत राहते, मग अभिलेखागारात जाऊन सर्वांना खुली होते. त्याअलीकडची हवी असेल तर तुम्ही थेट वंशज आहात हे दाखवावे लागते.

त्याआधीचे सारे चर्चच्या वह्यांत. बाप्तिस्मा, लग्न, दफन. लुथरपंथीयांकडे १६व्या शतकापासून, कॅथलिकांकडे ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली लग्नाच्या नोंदी सक्तीच्या केल्यावर. प्रॉटेस्टंट वह्या ‘आर्खियोन’ या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात. कॅथलिक वह्यांपैकी पुष्कळ ‘मात्रिकुला’वर फुकट आहेत. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) अनेक गावांच्या वह्या जळाल्या, तेव्हा १६५० च्या आसपास वाट बंद झाली तर ते तुमच्या शोधाचे अपयश नव्हे.

आणि लिपी! जुन्या नोंदी कुरेंट नावाच्या वळणदार लिपीत आहेत. ज्यांनी मोडीतले दप्तर हाताळले आहे त्यांना हा अनुभव नवा नाही: छापील अक्षर येत असूनही पान मुके. कुरेंटमध्ये ई आणि एन जवळजवळ सारखे दिसतात, यू ओळखायला त्याच्या डोक्यावरची छोटी कमान शोधावी लागते. माझा सल्ला असा की आधी आपले आडनावच त्या लिपीत वीस वेळा हाताने लिहून काढावे. मग पानावर डोळा आपोआप तिथे थांबतो.

गावाचे नाव सापडले तरी घाई नको. नॉयस्टाट म्हणजे ‘नवे शहर’, आणि तशी नॉयस्टाट डझनांनी आहेत. १९१२ च्या सुमाराचा मायर्सचा स्थळकोश आता ऑनलाइन आहे; साम्राज्यातले प्रत्येक खेडे आणि त्याची नोंदणी कचेरी त्यात दिली आहे. आजची पोलिश नावे असलेली गावेही तिथे जुन्या जर्मन नावाने सापडतात.

५. घराणे बोटीत बसले असेल तर

जर्मन माणूस परदेशी गेला तो लाटांनी. १६८३ मध्ये क्रेफेल्डची तेरा कुटुंबे फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउनला उतरली. १७०९ मध्ये ऱ्हाइनकाठच्या पॅलेटिनेटमधून हजारो लोक लंडनमार्गे निघाले. १७६३ साली कॅथरीन राणीने जाहीरनामा काढून परकीयांना रशियात जमिनी देऊ केल्या, आणि व्होल्गाकाठी जर्मन वसाहती उभ्या राहिल्या. १८२० नंतरच्या शंभर वर्षांत तर पन्नास लाखांहून अधिक जर्मन अमेरिकेला गेले. तुमचे घराणे कुठल्या लाटेतले ते कळले की कुठले कागद बघायचे ते ठरते.

हँबुर्ग बंदराच्या प्रवासी याद्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या उरल्या आहेत, आणि त्यांत प्रवाशाचे शेवटचे राहते गाव लिहिलेले असते. हेच तर हवे. ब्रेमनच्या याद्यांचे मात्र रडगाणे आहे: जुन्या याद्या जागा नाही म्हणून तिथल्याच कचेरीने वेळोवेळी नष्ट केल्या, आणि १९२० नंतरच्या थोड्याच हाती आल्या. माणूस ब्रेमनहून गेला असेल तर उलट्या टोकाकडून या. अमेरिकेतल्या लुथरन किंवा कॅथलिक चर्चच्या नोंदीत, थडग्याच्या दगडावर, स्थानिक जर्मन वृत्तपत्राच्या निधनवार्तेत गावाचे नाव सापडते. जनगणनेत बहुधा नुसते ‘प्रशिया’ किंवा ‘बव्हेरिया’. १८व्या-१९व्या शतकात नैर्ऋत्येतून बाहेर पडायला सरकारी परवानगी लागे. त्या अर्जांची यादी बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या अभिलेखागाराने शोधता येईल अशी केली आहे.

एक दंतकथा डोक्यातून काढून टाका: न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावरच्या (अमेरिकेत येणाऱ्यांची तपासणी तिथे होई) कारकुनाने नाव बदलले. तिथले कारकून बोट सुटण्यापूर्वीच तयार झालेल्या यादीवर खुणा करत असत. नाव बदलले ते बहुतेक वेळा घरच्यांनीच, शाळेत, दुकानाच्या पाटीवर, पगाराच्या वहीत. झिमरमानचा कार्पेंटर झाला, श्मिड्टचा स्मिथ, क्यूफरचा कूपर. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव अंगाशी येऊ लागले तेव्हा याला जोर आला. १९१७ साली ब्रिटिश राजघराण्यानेही आपले जर्मन नाव टाकून विंडसर घेतले. त्यामुळे अमेरिकेतला एखादा कूपर इंग्रज आहे असे धरून चालू नका.

आणि कोणी पैसे घेऊन ‘तुमच्या आडनावाचे मानचिन्ह’ विकत असेल तर तो कागद भिंतीवर लावायला ठीक आहे. मानचिन्ह घराण्याला मिळते, आडनावाला नाही.

६. धंदा जुळतो का ते बघा

वहीत पाद्री नावापुढे धंदाही लिहितो. इथे बहुतेकांची निराशा होते: सतराव्या शतकातला ब्युटनर शिंपी निघतो, आणि पिंपे बांधणारा निघतो तो कोणी वेगळ्याच आडनावाचा. तोवर नाव वंशपरंपरेचे होऊन तीनचारशे वर्षे उलटली होती. खरा पिंपवाला हवा असेल तर चर्चच्या वह्या सोडून शहराच्या करवसुलीच्या आणि नागरिकत्वाच्या याद्यांकडे वळावे लागते. त्यांत चौदाव्या शतकातल्या नावांत अजून ‘डेअर’ दिसतो: हाइनरिश डेअर ब्योट्शर, म्हणजे ‘तो पिंपवाला हाइनरिश’. पुढच्या पिढीच्या यादीत तो ‘डेअर’ गळलेला आणि त्यापुढे दुसराच धंदा लिहिलेला दिसला, तर त्या दोन ओळींच्या मध्ये आडनाव जन्मले. त्याच्या मागे नुसता एक हाइनरिश असतो, आणि हाइनरिश त्या गावात पुष्कळ होते.