शुगर असताना उपास कसा करावा

शुगर निघाल्यानंतरच्या पहिल्या आषाढीला मी नेहमीसारखी ताटलीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर एक केळं. दोन तासांनी शुगर मोजायच्या मीटरवर २७४. आठ-नऊ दिवसांनी आलेल्या संकष्टीला नेमकं उलट झालं. सकाळची गोळी घेतली, दिवस नुसत्या चहावर काढला आणि संध्याकाळी सहाला हातातली उदबत्ती थरथरायला लागली. एकादशीला ताट नडलं, संकष्टीला रिकामं पोट. त्यामुळे आपला उपास कोणत्या जातीचा, हे आधी ओळखायचं.

आठवडाभर आधी गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर पोटात काही नसलं तरी ती गोळी साखर उतरवत राहते. तिची वेळ किंवा मात्रा बदलावी लागते. नाव ‘ग्लिफ्लोझिन’ने संपत असेल तर निर्जळीचा विचारच सोडा. ही गोळी लघवीवाटे साखर बाहेर काढते, त्यासोबत पाणीही जातं, आणि उपाशीपोटी रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढण्याची भीती असते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा शुगर लो होत नाही. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने कधीच बंद करायचं नाही. टाइप १ (शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही, तो मधुमेह) असेल, दिवस गेलेले असतील, किडनीचा त्रास असेल किंवा वरचेवर शुगर लो होत असेल, तर देवाला फूल वाहावं आणि सरळ जेवावं.

ताट लावताना ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आठवा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट; त्यात बटाटा, शेजारी रताळ्याच्या गोड फोडी आणि वर केळं म्हणजे चार वेळचा भात एका बैठकीला. मी आता खिचडी लहान वाटीभरच घेते, दाण्याचं कूट सढळ हाताने आणि बटाट्याशिवाय. आधी काकडीची खमंग कोशिंबीर आणि दही, मग खिचडी. वरई ‘हलकी’ म्हणून लोक दोनदा वाढून घेतात, पण तीही शेवटी पिष्टच. दोन चमचे वरई आणि वाटीभर दाण्याची आमटी, असं उलटं प्रमाण ठेवलं की जमतं. राजगिऱ्याची भाकरी आणि लाल भोपळ्याचं भरीत हा माझा आवडता बेत. सासूबाईंना अजून तो उपासाचा वाटत नाही, तो भाग वेगळा. दिवसभर पाणी आणि बिनसाखरेचं ताक पीत राहा.

मीटर सकाळी उठल्यावर, फराळानंतर दोन तासांनी आणि दुपारी चारच्या सुमारास लावा. बोट टोचल्याने उपास मोडत नाही. हात मात्र साबणाने धुऊन कोरडे करा. केळं सोललेल्या बोटाचा आकडा खोटाच वर येतो. टोचायचं बोटाच्या कडेला, तिथे कमी दुखतं.

आकडा ७० च्या खाली गेला, किंवा घाम, थरथर, धडधड सुरू झाली, तर उपास तिथेच संपला. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आकडा अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. शुगर वर आली की नीट काहीतरी खा. घरातलं कोणीतरी प्रेमाने पेढा पुढे करतं; तो नको, खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. गोळीत व्होग्लिबोज असेल तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही, म्हणून ग्लुकोज पावडरच घरात ठेवा. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. उलट आकडा ३०० च्या वर गेला तरी उपास सोडून डॉक्टरांना फोन करा.

उपास सोडताना संकष्टीची अडचण चंद्राची. तो बऱ्याचदा रात्री नऊनंतर उगवतो. सकाळीच कॅलेंडरमध्ये चंद्रोदयाची वेळ बघा आणि मधल्या वेळात मूठभर दाणे, ताक असं दोनदा खाऊन घ्या. मोदक हवाच असेल तर एक घ्या आणि त्या वेळचा भात सोडा. रात्रीची गोळी किंवा इन्सुलिन डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणेच घ्या. झोपण्याआधी एकदा मीटर लावा, आणि ग्लुकोजची पुडी उशाशी असू द्या.