दोन दिवसांच्या शहरभेटीत खायचं-प्यायचं कसं

‘या पंचवीस जागा चुकवू नका’ छापाच्या याद्या आधी बाजूला ठेवा. शुक्रवारी रात्री पोचून रविवारी संध्याकाळी निघणाऱ्याच्या हाती दोन नाश्ते, दोन दुपारची जेवणं आणि शनिवारची एकच मोकळी रात्र येते. यादी पंचवीसची असो वा पाचाची, पोट एकच असतं.

१. आधी भाग ठरवा

हॉटेलांची नावं नंतर. रात्री जिथे बसायचं आहे त्याच भागात खोली घ्या. एक किलोमीटर चालायला बारा-पंधरा मिनिटं लागतात. ठरवलेल्या सगळ्या जागा एवढ्या टापूत बसल्या पाहिजेत. एखादी जागा कितीही नावाजलेली असली, पण जाऊन-येऊन तास मोडणार असेल, तर ती सोडा. रिव्ह्यू वाचताना ताजे वर घ्या आणि तीन स्टारवाले आधी वाचा. पाचवाल्यांना सगळंच आवडलेलं असतं, एकवाल्यांचं वेटरशी भांडण झालेलं असतं.

२. सकाळ कॅफेची

कॅफे उघडल्या उघडल्या जा, अकराला नाही. शेवटची कॉफी दुपारी तीनच्या आत. कॅफिनचा अंमल निम्मा व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेली कॉफी अकरालाही अर्धी जागीच असते.

३. महागडं जेवण दुपारी

नामांकित रेस्टॉरंटमध्ये खायचंच असेल तर दुपारी खा. टेबल सहज मिळतं, पुष्कळ ठिकाणी दुपारचा मेन्यू आटोपशीर आणि स्वस्त असतो आणि वेटरला तुमच्याशी बोलायला सवड असते.

४. शनिवारची रात्र

इथे भलेभले घसरतात. मी तीन वेगवेगळ्या शहरांत घसरले आहे, तेही ‘फिरता फिरता दिसेल तिथे बसू’ हा गोड सल्ला ऐकून. हा सल्ला मंगळवारी ठीक आहे. शनिवारी आम्ही चौघं साडेआठला निघालो. पहिल्या दारात तासाभराची रांग, दुसऱ्यात सव्वा तासाची, तिसरीकडे कुणी वर मान करून बघेना. भूक लागलेला माणूस पाटी वाचत नाही, वास हुंगत जातो, त्यामुळे आम्ही त्याच गल्लीत दोनदा फिरलो. दहा वाजता एक उघडं दार सापडलं. आत दिवे, माणसं, संगीत, सगळं होतं. पण किचन नुकतंच बंद झालं होतं. खोलीवर येऊन बिस्किटांचा पुडा फोडला.

तेव्हापासून पूर्ण सहलीत एकच बुकिंग करते, आणि ते शनिवार रात्रीचं. फोनवर दोन प्रश्न विचारायचेच. पहिला: शेवटची ऑर्डर किती वाजता? रेस्टॉरंट कधी बंद होतं हे विचारण्यात अर्थ नाही. किचन त्याच्या बरंच आधी आवरतं. दुसरा: आमच्यानंतर त्या टेबलावर कुणाचं बुकिंग आहे का? गर्दीच्या रात्री एकच टेबल दोनदा लावतात. पहिल्या पाळीत बसलात तर गोड येईपर्यंत बिलही येतं. दुसरी पाळी घ्या. उशीर होईल, पण कुणी उठवणार नाही. सकाळी पुन्हा फोन करून टेबल पक्कं करा.

बुकिंग मिळालंच नाही? मग रेस्टॉरंट उघडायच्या वेळेलाच दारात हजर व्हा, आणि दोघंच असाल तर काउंटरवरच्या खुर्च्या मागा. सहा जणांच्या गटाला ही युक्ती नाही. त्यांनी दोन टेबलांवर वाटून बसायची तयारी ठेवावी, नाहीतर घरीच ठरवून निघावं.

दुसऱ्या पाळीचा धोका वेगळा: मधले दोन तास. हे तास बारमध्ये जातात आणि रिकाम्या पोटी जातात. पोटात काही असलं की दारू तिथे रेंगाळते; नसलं की झटकन लहान आतड्यात उतरते आणि लवकर चढते. म्हणून साडेसहाच्या सुमारास काहीतरी खाऊन घ्या, मगच बार. ग्लासच्या आकारावरही जाऊ नका. पाच टक्क्यांच्या ३३० मिलि बिअरमध्ये साडेसोळा मिलि अल्कोहोल असतं. बारा टक्क्यांच्या १५० मिलि वाइनमध्ये १८, आणि चाळीस टक्क्यांच्या ४५ मिलि व्हिस्कीतही १८. तिन्ही जवळपास सारखेच. ‘मी फक्त वाइन घेते’ म्हणणारी मैत्रीण जेवणाआधी तीन ग्लास रिचवते आणि मेन्यू हातात येईपर्यंत पेंगते. यकृत आपल्या गतीनेच काम करतं, काळ्या कॉफीने ते घाई करत नाही. जेवणाआधी एक, बस्स. उरलेली हौस जेवणानंतर, खोलीपासून चालत जाता येईल अशा बारमध्ये.

५. बिल

सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का ते बघा, मग टिपचा विचार करा.

६. रविवार

नाश्ता उशिरा आणि भरपेट. दुपारच्या जेवणाची जागा आदल्या दिवशीच फोन करून विचारून ठेवा, कारण काही किचनं रविवारी लवकर मिटतात. सामान खोली सोडताना रिसेप्शनवरच ठेवा. बॅगा घेऊन अरुंद टेबलांमधून वाट काढणाऱ्याला सगळ्यात वाईट कोपरा मिळतो. आणि गाडीच्या वेळेआधी दोन तास बिल मागा. मागितल्यावर ते यायला लागणारा वेळ रविवारी नेहमीच जास्त असतो.