बोट पाण्यात सोडण्याआधीचा अर्धा तास

2019 च्या महापुरात कोल्हापुरातल्या शाहूपुरीत पाणी शिरलं, तेव्हा आमच्या घरच्यांना कुणीतरी रबरी बोटीतून बाहेर काढलं. बोट शिकायची हे मी त्याच दिवशी ठरवलं. आता बचावकार्यासाठी नवी मुलं शिकायला येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "दादा, इंजिन कधी हातात मिळणार?" मी त्यांना आधी काठावर उभं करतो.

माझं शिक्षण राधानगरी तालुक्यात, डोंगरातल्या एका धरणाच्या फुगवट्यावर झालं. शहरातल्या रंकाळा तलावावर वल्हवून आलेल्याला हे पाणी फसवतं. सकाळी सातला आरशासारखं असतं. पहिल्या दिवशी जाळं आवरत बसलेल्या एका मामांना मी सहज विचारलं, तर ते म्हणाले, "पाव्हणं, अकराच्या आत काठाला या. घाटाकडनं वारं सुटलं की मधी लाटा उठत्यात." साडेअकराला तसंच झालं. उन्हाळ्यात कोकणाकडून चढणारा वारा दुपारी लांबट दरीत शिरतो आणि पाण्याच्या लांबीभर लाटा वाढवत नेतो. मोबाइलवरचा अंदाज तालुक्याचा असतो, या दरीतला वारा मामांना माहीत असतो. म्हणून विचारल्याशिवाय बोट उतरवू नका.

वारा पाठीमागून, म्हणजे जमिनीकडून येत असेल तर जास्त जपा. डोंगराच्या आडोशाला काठ शांतच दिसतो. दूरवर पाणी काळपट आणि सुरकुतलेलं दिसतं का बघा, खरा वारा तिथं आहे. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर वारा परत आणतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग फुलकोबीसारखे चढायला लागले की वळीव आला समजा. विजेच्या वेळी उघड्या पाण्यावर आपणच सगळ्यात उंच असतो.

उन्हाळ्यात पातळी उतरते, तेव्हा गेल्या वेळची उतरायची जागा गाळात गेलेली असते. वरून सुकलेल्या गाळात माणूस मांडीपर्यंत रुततो. काठीनं टोचत पुढं जा, मुरमाड उतार शोधा. तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या दिसल्या तर खाली जाळी असतात. पंख्यात जाळं गुंतलं की इंजिन बंद पडतं आणि कुणाची तरी रोजीरोटी फाटते. गव्यांच्या खुरांचे ताजे ठसे असतील तर ती जागा सोडा. अभयारण्याचा भाग असेल तर वनविभागाची आणि जलाशयासाठी जलसंपदा विभागाची परवानगी आधी घ्यायची.

बोटीत हवा सकाळी भरली तरी गार पाण्यात उतरवल्यावर ती जरा सैल पडते, तेव्हा पुन्हा तपासा. उलट, बोट उन्हात काठावर ठेवलीत तर थोडी हवा सोडा, नाहीतर शिवणींवर ताण येतो. लाइफ जॅकेट काठावरच, सगळे पट्टे आवळून. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. इंजिन चालू झालं की मागून पाण्याची बारीक धार पडतेय ना बघा. ती नसेल तर इंजिन थंड होत नाहीये, लगेच बंद करा.

माझी एक चूक सांगतो. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो, तो उघडायचा मी विसरलो. दहा मिनिटं इंजिन छान चाललं, मग टाकीत हवा शिरेना म्हणून पेट्रोल येईना आणि बरोबर मध्यावर ते गुदमरून बंद पडलं. वारा सुटलेला, बोटीत तिघं आणि वल्हं एकच. काठाला लागायला दीड तास गेला. तेव्हापासून माझ्या बोटीत दोन वल्ही असतातच.

पावसाळ्यात या जलाशयांवर सरावाला जाऊच नका. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं. भिंतीच्या वरच्या अंगाला ओढ किती असेल याचा अंदाज करा. ते पाणी भोगावतीतून पंचगंगेला येतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ असतात. बोटीवर येणाऱ्यानं ते रोज बघायचे, कारण जुलैत बोलावणं कुठल्या रात्री येईल हे त्यावरून आधी कळतं. मग इंजिन, वल्ही, दोर आणि जॅकेटं त्या संध्याकाळीच दारात काढून ठेवायची.