परिषदेहून परतताना वहीत काय असावे

मेळघाटातील आमच्या द्विशिक्षकी शाळेतून अमरावतीला शिक्षकांच्या परिषदेसाठी जायचे म्हणजे पहाटेची एसटी गाठावी लागते आणि त्या दिवशी चारही वर्गांचा भार सहकारी शिक्षकावर पडतो. एवढे करून जायचे असेल, तर निघण्यापूर्वी आपल्या वर्गातील एकच अडचण नेमक्या शब्दांत लिहून काढावी, ही माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची सूचना आहे. पहिल्या तंत्रज्ञान परिषदेला मी असे काहीही न ठरवता गेलो आणि चौदा ॲपची नावे वहीत उतरवून परतलो. त्यांपैकी एकही वर्गापर्यंत पोहोचले नाही, कारण ते कोणत्या मुलासाठी हवे आहे, हेच मी ठरवले नव्हते.

परिषदेचे पत्र हाती येताच केंद्रप्रमुखांमार्फत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या (केंद्राच्या) प्रमुखांमार्फत, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. त्या दिवशीची वर्गव्यवस्था अर्जातच नमूद करावी आणि उपस्थिती कर्तव्यकाळ धरली जाईल की किरकोळ रजा टाकावी लागेल, हेही आधीच स्पष्ट करून घ्यावे.

सभागृहात सादरीकरण कितीही देखणे असले, तरी वक्त्याला तीन गोष्टी जरूर विचाराव्यात: हा प्रयोग किती मुलांसोबत केला, त्यासाठी किती फोन किंवा संगणक लागले आणि वीज किंवा नेटवर्क नसताना काय केले. या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा शिक्षक भेटला, तर जेवणाच्या सुटीत त्याच्याजवळ बसावे, त्याचा क्रमांक घ्यावा आणि क्रमांकापुढे तो नेमके काय करतो आहे, हे एका ओळीत लिहून ठेवावे. माझ्या अनुभवात परिषदेतील सर्वांत मोलाचा वेळ हाच असतो.

परिषदेचे मोल तिच्यानंतर काय घडले यावरून ठरते आणि याचे मोठे उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, तिने डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नई तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण देण्याच्या पद्धतीचा, आराखडा तयार झाला. आपल्या पातळीवर त्याचा अर्थ इतकाच घ्यावा, की परतल्यापासून आठ दिवसांच्या आत एक गोष्ट वर्गात करून पाहावी आणि केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत मुलांच्या वह्या सोबत नेऊन दहा मिनिटांत ती मांडावी.

ऑनलाइन शिक्षणाची सोयही आता हाताशी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर शिक्षकांसाठीची निष्ठासारखी प्रशिक्षणे मिळतात आणि तेथील बरेच साहित्य फोनमध्ये उतरवून नेटवर्कशिवाय पाहता येते. त्यामुळे तालुक्याच्या गावी गेले असताना ते उतरवून घ्यावे. मात्र प्रमाणपत्रासाठी व्हिडिओ नुसता सुरू ठेवून देण्यात काहीही अर्थ नाही.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरील गटांबाबत जरा विस्ताराने लिहिले पाहिजे. ज्या गटावर परिपत्रके आणि तातडीने माहिती मागवणारे तक्ते येतात, त्या गटावर शिकणे होत नाही. म्हणून परिषदांत भेटलेल्या आठ-दहा शिक्षकांचा वेगळा गट असावा. तेथे ‘तिसरीच्या मुलांना वाचता येत नाही, उपाय सांगा’ असे लिहिले, तर चार लिंक आणि दोन शुभेच्छा येतील. त्याऐवजी असे लिहावे: ‘तिसरीतील अकरापैकी चार मुले “पुस्तक” हा शब्द “पुसतक” असा वाचतात. घरी ती कोरकू बोलतात. सुटे अक्षर ओळखतात, जोडाक्षरावर अडतात. शाळेत एकच फोन आहे. कोणी काय केले?’ मी हा प्रश्न लिहिला, तेव्हा गडचिरोलीतील एका शिक्षिकेने उत्तर दिले, की त्यांच्याकडे मुले घरी गोंडी बोलतात, म्हणून त्यांनी आधी गावातील आजींच्या आवाजात घरच्या वस्तूंची नावे ध्वनिमुद्रित केली, मुलांना ती ऐकवली आणि त्यानंतरच मराठी शब्दाकडे नेले.

आम्हीही तसे केले. पहिलीच नोंद ऐकताना एका मुलीने फोन कानाशी धरला, मान हलवली आणि आपली आजी हा शब्द असा म्हणत नाही, असे ठामपणे सांगितले. वर्गात क्वचितच बोलणारी ती मुलगी त्या दिवशी सगळ्यांना योग्य उच्चार शिकवत होती. मराठी शब्दांकडे आम्ही त्यानंतर वळलो आणि ‘पुस्तक’मधील ‘स्त’ टाळी वाजवून वेगळा करण्याची कल्पनाही तिचीच होती.

असे प्रसंग गटावर सांगावेत, पण मुलांचे चेहरे आणि नावे पालकांच्या लेखी संमतीशिवाय टाकू नयेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो आणि कायदा नसता, तरी मुलांचा तेवढा मान राखणे आपले कर्तव्यच आहे. बहुतेक वेळा वहीच्या पानाचे छायाचित्र पुरेसे होते.

फसलेला प्रयोगही तितक्याच तपशिलाने लिहावा. आमचे आणखी काही शब्दांचे ध्वनिमुद्रण शाळेच्या रिकाम्या खोलीत झाले आणि आवाज इतका घुमला, की एकही शब्द कळेना. मी ते मुद्रण जसेच्या तसे गटावर टाकले. रात्री उत्तर आले, की भिंतींवर सतरंज्या टांगा, आजींना त्यांच्या मधोमध बसवा आणि फोन त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरा. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर शाळेच्या चार सतरंज्या खुंट्यांवर टांगून आम्ही पुन्हा मुद्रण सुरू केले.